शून्याची ओळ

मंगळवारी सकाळी देवासला कारखान्याच्या गेटवर हजेरी लावत होतो, तेव्हा जगदीशचा फोन आला. तो बदनावरच्या मंडीत सोयाबीनचा व्यापार करतो, त्या वेळी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून नाव बघून मी हजेरी अर्धवट सोडून फोन घेतला. "भिया, आत्या नी रही," एवढंच म्हणाला. मागून हमालांचे आवाज येत राहिले. ती कधी गेली, कशी गेली, हे मी विचारलंच नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "परसों संडे को कोई गया था क्या?" आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, शालिनी. धारच्या एका कॉलेजात तिनं आयुष्यभर कॉमर्सच्या मुलांना सांख्यिकी शिकवली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिथेच दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहिली. नात्यानं ती माझी, पण जगदीश आणि राजगढची नेहा हे तिचे विद्यार्थीही तिला आत्याच म्हणत. खरं तर त्यांचा हक्क माझ्याहून मोठा, कारण ते दोघं पहिल्या फटक्यात पास झाले होते. मी मात्र सांख्यिकीच्या पेपरात दोनदा आपटलो. दुसऱ्या वेळी वडिलांनी बोलणंच टाकलं, तेव्हा आत्याचा निरोप आला, की त्याला तीन महिने माझ्याकडे पाठवा, कपडे कमी आणि वह्या जास्त द्या.

आमची पुस्तकं हिंदीत. 'असतत यादृच्छिक चर का प्रायिकता बंटन' असं धड्याचं नाव वाचूनच मला जांभई यायची. आत्यानं पहिल्या दिवशी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि मला ओट्यापाशी बोलावलं. एका हातात दुधाचं पातेलं, समोर पोळपाट. "दूध किती आहे ते सांगायला माप लागतं," ती म्हणाली, "पाव, अर्धा, त्याच्याही मधलं काहीही असू शकतं. पण जेवायला माणसं किती येतील? शून्य, एक, दोन, तीन. मधलं काही नाही. बोटांवर मोजता येतं ते आपलं. आता कोणती संख्या येण्याची शक्यता किती, तेवढं समोर लिहायचं. झालं वितरण, तुमच्या पुस्तकातलं बंटन. ह्यात रडण्यासारखं काय आहे?" मी रडत नव्हतो, पण तिला तसं दिसलं असावं.

मग तिनं आम्हा तिघांवरच गणित घातलं. जगदीश, नेहा आणि मी, प्रत्येकाची जेवायला येण्याची शक्यता अर्धी धर, तक्ता मांड. मी एक येण्याची शक्यता काढली, दोन येण्याची काढली, तीन येण्याची काढली. बेरीज करायला सांगितली तर ती एक होईना. मी पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. आत्या कणीक मळत होती. शेवटी म्हणाली, "मेल्या, कोणीच नाही आलं तर? शून्याची ओळ विसरलास. कोणी न येणं हेसुद्धा एक उत्तर आहे, त्याला जागा द्यायची." ही चूक मी त्या तीन महिन्यांत इतक्या वेळा केली, की पुढे ती माझी वही उघडायच्या आधीच विचारायची, "शून्य लिहिलंस?" परीक्षेला निघताना दही ठेवलं हातावर आणि पाठीवर थाप मारून तेच म्हणाली. त्या वर्षी मी पास झालो. आज कारखान्यात मालाच्या प्रत्येक पेटीत खराब नग किती निघतात ते मोजून मी पोट भरतो, ते तिच्या ओट्यापाशी शिकलेल्या त्या तक्त्याच्या जिवावर.

नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी रविवारचं जेवण सुटलं नाही. आत्याचा नियम एकच होता. येणार म्हणून कळवायचं नाही आणि एकमेकांनाही विचारायचं नाही. "विचारलंत की गणित मोडतं," ती म्हणे. "एकाचं येणं दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेलं नको." मी देवासहून निघून, इंदूरला बस बदलून, जेवणाच्या वेळेला तिच्या दारात पोचायचो, तेव्हा आत कोण असेल ते खरंच ठाऊक नसायचं. कधी नेहा लसूण सोलत बसलेली, कधी कोणीच नाही. आत्या मात्र दर रविवारी पोळ्या करायची त्या तिच्या स्वतःच्या सोडून दीड माणसाच्या. "सरासरी दीड येते," ती गंभीरपणे सांगायची. "दीड माणूस जन्मात कधी जेवायला येणार नाही, पण पोळ्या त्याच्याच करायच्या. म्हणजे फार शिळं उरत नाही आणि कोणी उपाशी उठत नाही." तिघं आलो तर भात वाढायची. जेवणं झाली, भांडी पालथी पडली, चहा झाला, की ओट्याजवळच्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिहायची. कोणी आलं नसेल तर शून्य. ते मात्र ती कधी चुकवत नसे.

आम्ही मात्र तिला फसवत होतो. मोबाईल आले तसा आमचा तिघांचा एक ग्रुप झाला आणि शनिवारी त्यात चौकशी सुरू झाली. "भिया, तू जा रिया है क्या? तू जाए तो मैं भी निकलूं." कधी ठरवून तिघं जायचो, कधी तिघंही ढेपाळायचो. आत्यासमोर अचानक भेट झाल्याचं नाटक करायचो आणि ती "वा, आज तीन" म्हणून पानं घ्यायची.

शेवटचा मी तिला भेटलो तो जगदीशचा फोन आला त्याच्या नऊ दिवस आधी, रविवारी. एकटाच गेलो होतो. ती ओट्याला हात टेकत टेकत वावरत होती. "पाय जरा रुसलेत," म्हणाली, पण वाढण्यात कसूर नाही. निघताना फाटकापर्यंत आली, तेही नेहमीचं नव्हतं, आणि फाटकाच्या कडीवर हात ठेवून विचारलं, "पुढच्या रविवारी येशील?" इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिचाच नियम, तिनंच मोडला. मी चपलेत पाय सरकवत म्हणालो, "बघतो."

शनिवारी ग्रुपवर आधी जगदीशनं लिहिलं, मंडीत आवक फार आहे, जमणार नाही. मग नेहानं लिहिलं, मुलीची परीक्षा आहे. मला काहीच अडचण नव्हती. शिफ्टनं अंग मोडून आलं होतं, तीन तासांची बस नको वाटत होती, एवढंच. आणि मी काय विचार केला ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी मनाशी म्हटलं, आठात एकदा शून्य यायचंच, ही तर तिचीच शिकवण. तिच्याच गणिताच्या आड लपलो मी. लिहून टाकलं, "अगले संडे तीनों साथ चलेंगे." दोघांनी होकाराचं अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि मी झोपलो. मंगळवारी पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं. पुढचा रविवार तिच्या बाराव्याच्या तयारीत गेला.

तेराव्यानंतर खोल्या रिकाम्या करायला आम्ही तिघं गेलो, ठरवून, एकाच गाडीतून. शेजारच्या भाभीनं किल्ली दिली आणि सहज म्हणून सांगितलं, "उस संडे तो दीदी ने बहुत रोटियाँ बना ली थीं. तीन थालियाँ भी निकाल रखी थीं. शाम को रोटियाँ मुझे दे गईं, बोलीं बच्चों को काम आ गया होगा." नेहा तिथेच पायरीवर बसली. मला त्या क्षणी जमिनीत शिरावंसं वाटलं. दीड माणसाच्या हिशेबानं पोळ्या करणाऱ्या बाईनं त्या दिवशी हिशेब सोडून पूर्ण तिघांच्या केल्या होत्या, कारण तिनं मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं नव्हतं.

स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. वर तक्ता: शंभर रविवार, शून्य ते तीन, किती वेळा यायला हवे होते आणि किती वेळा आले. सरासरी जवळजवळ दीडच भरली होती. पण शून्य यायला हवं होतं बारा-तेरा वेळा, ते आलं होतं एकवीस वेळा, आणि तीनही तितकंच वाढलेलं. खाली तिच्या बारीक अक्षरात मराठीत चार ओळी. जगदीशला मराठी कळत नाही, मलाही हिंदी शाळेमुळे हातानं लिहिलेलं मराठी अडखळतच वाचता येतं, म्हणून मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि हिंदीत सांगत गेलो. 'शून्य आणि तीन फार. म्हणजे तिघं एकमेकांना विचारून येतात. पेपरात असं असतं तर मार्क कापले असते. घरात असू दे. मी नसेन तेव्हाही एकमेकांना विचारतील.' शेवटचं वाक्य मला हिंदीत सांगता आलं नाही. जगदीश म्हणाला, "रेन दे भिया, समझ गया मैं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आमची नाटकं, ग्रुप, एक निघाला की तिघं निघतात हेही, सगळं. वर्षानुवर्षं ती "वा, आज तीन" म्हणत राहिली.

भांडी, पुस्तकं, पातळं बांधून झाली. निघण्याआधी मी कॅलेंडर उतरवायला गेलो. मागचे सगळे रविवार भरलेले होते, एक, दोन, शून्य, तीन, तिच्या पेन्सिलीच्या सुबक अंकांत. मी एकटा गेलो होतो त्या रविवारी एक. त्यानंतरचा चौकोन कोरा होता. पोळ्या भाभीला देऊन आल्यावरही तिनं तिथे काही लिहिलं नव्हतं. पेन्सिल तिथेच दोऱ्याला लटकत होती. नेहा दारातून म्हणाली, "चलो ना, गाड़ी लग गई." मी पेन्सिल हातात घेतली आणि त्या चौकोनात शून्य लिहिलं.