मॅडमच्या यादीत नसलेला पेपर

डॉ. नलिनी मॅडम आज सकाळी गेल्या, आणि मला रडू येत नाही.

दोनदा चहा केला. दोन्ही वेळा कपातच गार झाला.

दुपारी त्यांच्या विद्यार्थिनीचा फोन. "काका, शोकसभेत मॅडमच्या सगळ्या रिसर्च पेपर्सची यादी लावायचीय. जुनी तुमच्याकडं असेल ना?"

असणारच. मीच टाईप केलेली.

नव्वदच्या दशकात वाशीला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. शिक्षण सातवी. टायपिंग काय, कॉम्प्युटर काय, दुसऱ्याचं बघून बघून शिकलो.

मॅडम नेरूळला राहायच्या. मुलांची खुंटलेली वाढ, मुलींची पाळी, त्यामागची हार्मोन्स, हा त्यांचा रिसर्च. हॉस्पिटलमधून घरी जाताना हातानं लिहिलेले कागद देऊन जायच्या.

त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही. अक्षर बघायचं, अक्षर मारायचं.

मॅडम हसायच्या. "म्हणूनच तुमच्या चुका कमी. माझे विद्यार्थी शहाणे आहेत ना, ते सुधारायला जातात."

अजून एक काम माझ्याकडं असायचं. पेपरात पेशंट मुलांचे फोटो असत. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळ्या कागदाची पट्टी चिकटवायची. बारीक कात्रीनं कापून मी चिकटवायचो.

लोकांच्या पोरांचे डोळे झाकताना कधी काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू.

मग आमची वंदना. सात वर्षांची झाली तरी दिसायला चारची. आणि एक दिवस तिला पाळी आली.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. साताऱ्याहून आई आली ती एकच बोलली, "कुणापाशी बोलू नका. पोरीचं लगीन व्हायचं नाही."

मी मॅडमपाशी बोललो.

त्यांनी रक्त तपासलं. "थायरॉइड आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पाळी थांबेल, उंची वाढेल. रडताय काय?"

तसंच झालं. वर्षभरात सगळे फ्रॉक आखूड झाले.

असा पेशंट फार क्वचित दिसतो म्हणे. मॅडमनी विचारलं, "हिच्यावर पेपर लिहू का? प्रोफेसरच्या जागेसाठी मुलाखत आहे, एक चांगला पेपर हवाय. नाही म्हणालात तरी गोळी चालूच राहील हं."

"विचारता काय मॅडम. लिहा."

पेपर टाईप केला. मग पाकिटातून फोटो काढला. उपचाराआधीचा. उंची मोजायच्या पट्टीशेजारी उभी, दोन्ही मुठींत फ्रॉक घट्ट धरलेला.

कागद कापला. डिंक लावला.

हात काही पुढं जाईना.

मॅडम समोरच बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी फोटो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या."

"लावतो मॅडम. एक मिनिट."

"राहू द्या हो. मला कुठं घाई आहे."

घाई होती. फोटोशिवाय तो पेपर जाणार नव्हता, तेवढं मलाही कळत होतं.

जाताना म्हणाल्या, "मुलाखतीला द्यायची यादी पुन्हा टाईप करा. शेवटची ओळ काढून."

वंदनाच्या पेपरची होती ती. मी काढली.

ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्या एका पेपरनं मिळाली असती का, देव जाणे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी विषय काढला नाही. फोटो मात्र त्यांनी पाकिटात घालून मला परत पाठवला.

आज यादी घेऊन बसलो. वंदना मागं येऊन उभी राहिली. आता माझ्याहून बोटभर उंच, दोन लेकरांची आई.

तिला हे कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

तिनं यादी हातात घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग म्हणाली, "यादीत तर आता घालता येणार नाही, बाबा. इथं पोस्ट लिहा. माझं नाव घालून लिहा."

खालचा त्याच पाकिटातला फोटो तिनंच टाकायला लावलाय.

डोळ्यांवर पट्टी नाही.

मॅडम, माझा नमस्कार घ्या. यादी उद्या सकाळी पोचवतो.