पडदेवालीची सहल

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं, शेजारी कापड कापायचं लांबरुंद टेबल आणि भिंतीशी उभ्या केलेल्या कापडाच्या गुंडाळ्या. तिच्या हातच्या पडद्याला चुण्या अशा पडायच्या की गिऱ्हाईक खिडकी सोडून पडद्याकडेच बघत बसायचं. कुणी खवचट माणूस म्हणायचाही, पडदे शिवता शिवता बाई स्वतःच पडद्याआड गेली. त्यात खोटं असं काही नव्हतं.

काही वर्षांपूर्वी माहेराहून परतताना तिची बस रस्ता सोडून खड्ड्यात कलंडली होती. मेलं कुणी नाही. तिच्या खांद्याचं हाड मोडलं आणि यथावकाश सांधलंही. पण आडव्या पडलेल्या बसमध्ये, अनोळखी माणसांच्या ओझ्याखाली, दार कुठल्या बाजूला आहे हेच उमगत नसताना जो वेळ गेला तो तिच्या अंगातून गेला नाही. त्यानंतर ती कुठल्याही गाडीत बसली नाही. पायी जाता येईल तेवढंच तिचं जग उरलं. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा नवरा व्हॅन दारात घेऊन आला होता. तिने दार धरलं, एक पाय आत टाकला आणि तिथेच हातपाय गार पडून खाली बसली. तो एकटाच गेला. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

नवरा व्हॅनमधून बेकरीचा माल दुकानोदुकानी पोचवायचा. शांत माणूस. मशीनचं तेल, अस्तराचं कापड, दोऱ्याची रिळं, सगळं तो न सांगता आणून द्यायचा, आणि घरातलं सगळं सुरळीत चाललं आहे असं दोघंही धरून चालत.

एक दिवस अभयारण्याच्या विश्रामगृहाची व्यवस्थापक बाई पडदे न्यायला आली. एक पडदा उजेडात धरून ती खूश होऊन म्हणाली, "आमच्या व्हरांड्यातून नदी दिसते. सकाळी पाणमांजरं खेळायला येतात, पिल्लांना घेऊन. एकदा या की बघायला."

असं सगळेच म्हणतात. पण पडदेवालीच्या डोक्यात ते पाणमांजर शिरून बसलं. रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, मला ते अभयारण्य बघायचंय. सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "कशाने जायचं?"

"चालत तर नाहीच जाता येणार," ती म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिची नणंद येऊन धडकली. ही दवाखान्यात परिचारिका. तोंडाची फटकळ, हाताची हलकी. ऐकल्यावर तिने ना आश्चर्य दाखवलं ना कौतुक केलं. "वहिनी, सुई टोचायच्या आधी मी माणसाला नुसती सुई दाखवते. तसंच करू. आधी गाडी दाखवू."

मग गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. दुपारी दारात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये, दोन्ही दारं सताड उघडी टाकून, पडदेवाली मांडीवर सूप घेऊन मटार सोलायला बसू लागली. समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बघत राहायचा. कुणीतरी विचारलं, "काय हो, घर भाड्याने दिलंत की काय?"

"हो," नणंदेने परस्पर सांगून टाकलं, "तुम्हाला हवंय?"

मटार झाले, तांदूळ निवडून झाले, पडद्यांची काजं झाली. मग एकदा दारं लावली. मग इंजिन नुसतंच चालू ठेवलं, तेव्हा तिने सीट इतकी घट्ट धरली की नखं उमटली. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग पाण्याच्या टाकीपर्यंत. एकदा टाकीच्या पुढे गेल्यावर मागून ट्रकने भोंगा वाजवला आणि तिच्या पोटातलं सगळं वर आलं. ती उतरली ती परत चढेचना. रस्त्याच्या कडेने चालत घरी निघाली आणि नवरा बिचारा चालत्या बायकोच्या मागे व्हॅन रांगवत राहिला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पुरे झालं. लोक हसतात."

"हसू देत," नवरा म्हणाला. एरवी तो एवढ्यावरच थांबला असता. त्या दिवशी थांबला नाही. "तू आज टाकीच्या पुढे गेली होतीस. मी मोजत नाही, पण तेवढं बघितलंय मी. आणि एक सांगतो. वाटेत कुठेही फिरवा म्हणालीस तर मी गाडी फिरवीन. का म्हणून विचारणार नाही. अगदी अभयारण्याच्या फाटकाशी पोचलो असलो तरी."

दुसऱ्या दिवशी सुपात मटार घेऊन तीच आधी जाऊन बसली.

बेत ठरला तो कापडाच्या टेबलावर. नणंदेने शिलाईच्या खडूने टेबलभर रस्ता काढला. मोठा रस्ता जवळचा, पण ट्रकांचा. कालव्याकाठचा लांबचा, पण निवांत. कालवाच ठरला. पेट्रोल पंप, शाळा, पूल, जिथे जिथे थांबता येईल तिथे पडदेवालीने स्वतःच्या हाताने फुली मारली. जनावरं सकाळीच दिसतात, म्हणून उजाडायच्या आत निघायचं. डबा नणंदेने करायचा. उलटीच्या गोळ्याही तिच्याकडेच. "आणि भडक रंगाचं काही नेसू नका," तिने बजावलं, "जनावरं बुजतात."

"जनावरं बुजली तर बरंच," पडदेवाली म्हणाली. "मी एकटीच कशाला?"

ठरल्या दिवशी तिघं निघाली. पंपावर थांबली, शाळेशी थांबली. पुलावर मात्र तिने डोळे मिटून घेतले आणि हाताने पुढे चला अशी खूण केली. तांबडं फुटलं तेव्हा व्हॅन अभयारण्याच्या फाटकाशी उभी होती. नवऱ्याने इंजिन बंद केलं आणि लहान मुलासारखं हसला.

इतक्यात रखवालदार खिडकीशी आला. "गाडी इथेच लावा. आत आमचीच बस जाते. खासगी गाड्यांना मनाई आहे."

तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. एवढा बारकाईने बेत केला आणि हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. फाटकाच्या आत हिरव्या रंगाची बस उभी होती. माणसं चढत होती. तिच्या स्वप्नात यायची तशीच बस, तशाच पत्र्याच्या पायऱ्या.

नवऱ्याने किल्लीला हात घातला. "फिरवू?"

पडदेवाली खाली उतरली. बसच्या दाराशी गेली, पण चढली नाही. चालकाच्या जागेवर एक प्रौढ बाई चष्मा पुसत बसली होती.

"बाई," पडदेवाली म्हणाली, "मी बसमध्ये उलटी पडलेय एकदा. तेव्हापासून बसले नाही. तुम्ही हळू चालवाल का?"

चालक बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिला नीट पाहिलं. "इथे जोरात चालवायची मुभाच नाही. हरणं आडवी येतात. माझ्या मागच्या जागेवर बसा. दार तुमच्या डाव्या हाताला, उघडंच असतं. थांबवा म्हणालात की थांबवीन."

पडदेवालीने दांडा धरला. मागे रांगेतली माणसं खोळंबली होती. तिने एक पाय वर ठेवला. मग दुसरा. मग ती आत गेली आणि बसली. नवरा तिच्या शेजारी येऊन टेकला आणि त्याला दिसलं की ती रडते आहे. तो बाहेर झाडांकडे बघत राहिला.

बस निघाली. पहिल्या वळणाला तिने त्याचा हात आवळला. दुसऱ्या वळणाला एक सांबर रस्त्यात येऊन उभं राहिलं. बस थांबली, सगळे श्वास रोखून बसले. ते मात्र सावकाश, कुणाच्या बापाची पर्वा न करता रस्ता ओलांडून गेलं. तिने हात सोडला आणि पुढे वाकून बघू लागली. नदीकाठी पाणमांजरांचं अख्खं कुटुंब ओल्या खडकावर लोळत होतं. पिल्लू आईच्या पाठीवरून घसरून पाण्यात पडायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा पडायचं. पडदेवाली इतकी मोठ्याने हसली की बसमधून सोबत आलेल्या रखवालदाराला तोंडावर बोट ठेवावं लागलं.

दुपारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात डबे सुटले. जेवण होताच नणंद आडवी झाली आणि नवऱ्याला डुलकी लागली. तेवढ्यात समोरच्या फाटकापासून दुसरी फेरी निघत असल्याची हाक आली.

"मी जाऊन येते," पडदेवाली म्हणाली.

नवरा डोळे चोळत उठू लागला. "थांब, मी येतो."

"बसा हो. दमलात तुम्ही."

तो तसाच अर्धवट उठून राहिला. त्याने बहिणीला हलवून जागं केलं आणि दोघं कठड्याशी उभी राहून बघत राहिली. ती एकटी बसच्या पायऱ्या चढली. या वेळी चालकाच्या मागे नाही, मधल्या रांगेत खिडकीजवळ बसली. बस वळणाआड गेली आणि धूळ खाली बसली, तरी दोघं तिथेच होती. नणंद वारंवार नाक पुसत होती आणि धुळीला दोष देत होती.

बस परत आली तेव्हा उन्हं कलली होती. पडदेवाली उतरली. केस विस्कटलेले, पदर धुळीने भरलेला.

"काय दिसलं?" नवऱ्याने विचारलं.

"काहीसुद्धा नाही. एक मुंगूस, तेही पाठमोरं." ती अंगावरची धूळ झटकू लागली. "फार मजा आली."