चारचं ऊन

शेलूला आमच्या घरात रोज चार वाजता ऊन यायचं. ऊन कुणाच्या घरात येत नाही? पण आमचं पोट त्यावर होतं, म्हणून मी त्याची वाट जावयाची बघावी तशी बघायची. बाहेरच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. समोर भाताची खाचरं, त्यांच्यामागे माथेरानचा डोंगर. चारच्या सुमाराला ऊन गजांतून आत उतरायचं, माझ्या खुर्चीवर बसायचं, मग फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढायचं आणि साडेपाचला डोंगराआड जायचं. तेवढा दीड तास माझी कचेरी उघडी असायची.

कामाबद्दल सांगायला मला अजून संकोच वाटतो. कंपन्या मला वस्तू पाठवत: केसांचं तेल, चहा, पायांच्या भेगांचं मलम. मी फोनसमोर बसून ती वस्तू वापरायची आणि कशी वाटली ते बोलायचं. व्हिडिओ त्यांच्या पानावर जायचा. चेहरा माझा, नाव कुणाचंच नाही. अट एकच, जाहिरात वाटता कामा नये. प्रत्येक कामाबरोबर सूचनांचा कागद यायचा. केस विस्कटलेले चालतील. मागे दोरीवर कपडे असले तर उत्तम. दिवे लावू नका, खिडकीचा उजेड वापरा. आणि मध्येच एखाद्या वाक्यावर अडखळा, म्हणजे खरं वाटतं. थोडक्यात, पाहुणे आल्यावर आपण घाईघाईनं जे जे लपवतो, ते सगळं दाखवायचे मला पैसे मिळत.

ह्यात मी पडले ती आईमुळे. आई कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या शाळांमध्ये तीस वर्षं शिकवत होती. बाबा भिवपुरीच्या वीजकेंद्रात होते आणि माझं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. बाबा गेल्यावर आम्ही दोघी शेलूला आलो, आणि वर्षभरातच आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली, घरातल्या घरात ती छान फिरायला लागली, पण उंबरठा काही तिनं ओलांडला नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि दोन जिने उतरायची तिला भीती वाटायची. भीती हा शब्द अर्थातच ती वापरायची नाही. "खाली काय ठेवलंय माझं?" असं म्हणायची. तिला दिवसभर एकटं टाकून जाणं माझ्याच्यानं होईना. मी ठाण्यातली नोकरी सोडली आणि हे घरबसल्याचं काम धरलं.

पहिल्याच दिवशी तिनं त्यात लक्ष घातलं. आठ दिवस वापरल्याशिवाय कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणायचं नाही, हा तिचा नियम. एकदा मी फोनसमोर सांगून टाकलं की मलमानं भेगा भरल्या नाहीत, नुसत्या मऊ झाल्या. काम गेलं असंच मी धरून चालले होते. कंपनीनं नेमकं तेच वाक्य ठेवलं. आई दोन दिवस विजयी मुद्रेनं वावरत होती.

मग तिनं स्वतःकडे दोन कामं घेतली. एक चादरीचं. ती माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि पांढरी चादर दोन्ही हातांनी उंच धरायची. ऊन चादरीवर आपटून माझ्या सावलीतल्या गालावर यायचं. हात थकले की चादर थरथरायची आणि माझ्या गालावरचा उजेडही थरथरायचा. दुसरं काम खडूचं. चारच्या ठोक्याला ऊन जिथं पडेल तिथं ती काठी टेकून वाकायची आणि फरशीवर खूण करून महिन्याचं पहिलं अक्षर लिहायची. पौ, फा, चै. खुर्ची कुठल्या महिन्यात कुठं ठेवायची ते त्यावरून कळायचं. लादी पुसताना मी ती अक्षरं चुकवून पुसायची. सगळं जमलं की चादरीच्या कडेवरून खडू वर यायचा, आणि तो वर आला की मी बोलायला सुरुवात करायची.

फक्त अडखळणं तिला सोसेना.

"हे तेल मी... म्हणजे आधी मला..." एवढं मी म्हणते न म्हणते तोच चादरीमागून आवाज यायचा, "'आधी मला वाटलं होतं की.' वाक्य पुरं कर."

"आई, मुद्दाम अडखळलेय मी. कागदात लिहिलंय तसं."

"मुद्दाम? पोरांची अडखळ घालवण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि तुला अडखळायचे पैसे देतात?"

की पुन्हा पहिल्यापासून. तिला कळायचं सगळं, पण तोंडावर ताबा राहायचा नाही. समोर कुणी चुकलं की तिच्याकडून दुरुस्ती आपोआप निघायची, शिंक निघावी तशी. शेवटी मी जिथं अडखळायचं तिथं आधीच पेन्सिलीनं फुली मारून कागद तिच्या मांडीवर ठेवायला लागले. फुली आली की ती ओठ घट्ट मिटून छताकडे बघायची.

त्या सगळ्या दुपारी मला आता एकाच लांबलचक दुपारसारख्या आठवतात. उन्हात तरंगणारी धूळ, तेलाचा वास, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. कधी बोलता बोलता मी कुठं बसलेय याचाच विसर पडायचा. भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये असंच ऊन यायचं, आणि वीजकेंद्राची घरघर इतकी सतत चालू असायची की ती बंद पडली तरच ऐकू यायची. मी आठ वर्षांची आहे, बाबा पाळीवरून येतील, आई वह्या तपासतेय, असं क्षणभर खरोखर वाटायचं. मग खडू हलायचा आणि मी तेलाची बाटली उचलायची. एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, ह्यांच्या घरात किती शांत वाटतं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं ते आणखी एकदा वाचायला लावलं. मी इतकी सुखात होते की त्याची मला लाजच वाटायची.

दुसऱ्या वर्षी भात कापून झालं आणि समोरच्या खाचरात जेसीबी आला. खांब उभे राहिले, पहिला स्लॅब पडला, मग दुसरा. सात मजली होणार, लिफ्ट असणार, असं खालचा दुकानदार अभिमानानं सांगायचा. आई खिडकीत बसून मजले मोजायची. खडूच्या खुणांपुढे आता ती वेळही लिहू लागली. ऊन पाचलाच उठायला लागलं, मग साडेचारला. पुढच्या मार्गशीर्षात एके दिवशी आम्ही दोघी सगळा थाट मांडून बसलो, चादर पसरली, आणि ऊन आलंच नाही.

"ढग असेल," आई म्हणाली. आभाळ स्वच्छ होतं.

मी गोल दिवा विकत आणला. त्याचं गोल कडं डोळ्यांच्या बाहुल्यांत दिसायचं. "स्टुडिओत काढल्यासारखं वाटतंय, पूर्वीसारखं घरगुती नाही," कंपन्यांकडून निरोप यायला लागले. गच्चीवर करून पाहिलं, तिथं वारा बोलू देईना. पळसदरीच्या धरणावर गेले, तिथं सुट्टीला आलेल्यांची गाणी. आणि कुठंही गेलं तरी समोर चादर धरायला कुणी नसायचं. मी एकटीच बोलायची आणि माझं मलाच खोटं वाटायचं. वर्ष असंच घसरत गेलं. कामं निम्म्यावर आली, मग महिन्यात एखादं. समोरची इमारत रंगून तयार झाली, माणसं राहायला आली. ती भिंत नजरेला नको म्हणून मी खिडकीचा पडदा ओढून ठेवायची. आई तो उघडायची. मी पुन्हा ओढायची.

शेवटी ठाण्याच्या जुन्या कचेरीत फोन केला. पुढच्या एक तारखेपासून या, म्हणाले. मी स्वयंपाकघरात नळ सोडून हळू आवाजात हो म्हटलं. बाहेर आले तर आई म्हणाली, "पीठ संपत आलंय." पण त्या दिवशी तिनं पेपर उघडला तो बराच वेळ एकाच पानावर राहिला. सकाळी सहाला जाऊन रात्री आठला परतायचं, म्हणजे चौदा तास ती आणि त्या चार भिंती. मी असताना तरी दिवसाला चार वाजत होते.

तिच्या सोबतीला एक बाई बघायला मी कर्जतला गेले. सकाळी साडेसातलाच निघाले आणि आईला सांगितलं, औषधं आणायची आहेत. बाई खालापूरकडच्या गावातली, बोलायला मोकळी. स्टेशनबाहेर उभ्यानंच ठरलं. जाता जाता ती म्हणाली, "मी येईन वो ताई. सगलं करीन. पन त्यांना तुमची सवय हाय ना. मला बघून त्यांना करमायचं नाय, त्याला मी काय करनार?" मी तिचा नंबर लिहून घेतला. गाडीत बसल्यावर मात्र रडू आलं. एवढ्या लोकांत तोंड लपवायला खिडकीपलीकडे बघत राहिले.

घरी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. दार नुसतं ओढून घेतलेलं. मी हाक मारली. ओ आली नाही. मी आधी बाथरूमचं दार ढकललं. फरशी कोरडी होती. आतल्या खोलीत अंथरुणाची घडी घातलेली. कोपऱ्यात काठी नव्हती. कपाटातली पांढरी चादरही नव्हती. मी घरातल्या घरात तीनदा फिरले. दोन खोल्यांत आई हरवते कशी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग लक्षात आलं की पडदा उघडा आहे.

समोरच्या इमारतीत, आमच्याच उंचीवर, एका खिडकीत ऊन भरलं होतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून सूर्य वर आला होता आणि सरळ त्या खोलीत उतरला होता. त्या उन्हात आई उभी होती. खांद्यावर चादर, एका हातात काठी. शेजारी एक तरुण बाई तिचा दंड धरून होती. पडदा ओढायच्या वेळी ह्याच बाईंना सकाळी तिथं कपडे वाळत घालताना मी पाहिलं होतं. आई त्यांना इकडून हात करायची हे मात्र मला माहीत नव्हतं. पडदा ती त्यासाठी उघडत होती.

फोन वाजला.

"यांच्याकडे दहाचं ऊन आहे गं," आई म्हणाली. "आपलं चारचं होतं, यांचं दहाचं. साडेआठपासून बघतेय मी. अकरापर्यंत टिकेल. खुर्ची कुठं ठेवायची ते पण बघून ठेवलंय." मागून आवाज आला, "काकू, ताईंना पन बोलवा, चा टाकलाय मी." आणि आई म्हणाली, "एक तारखेचं ठाण्याला कळवून टाक, जमणार नाही म्हणून."

दोन जिने उतरून, रस्ता ओलांडून ती तिथं गेली होती. मला विचारायचं होतं, कशी उतरलीस, मध्ये कुठं बसलीस का, तोल गेला असता तर. मी गज धरून उभी राहिले. पलीकडे तिनं चादरीतून हात बाहेर काढला. बोटांत खडू होता. तो तिनं वर केला.

"आई, तू..." मी म्हणाले. "म्हणजे मी... तू जिना..."

ती फोन कानाला लावून तशीच उन्हात उभी होती. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडखळले. तिनं दुरुस्त केलं नाही.