बाबांचे रुंद पाय आणि तीन पेडलं

माझ्या वडिलांचे पाय फार लांब नव्हते, पण रुंद होते. आमच्या कोपरीच्या कोळीवाड्यातल्या बहुतेक पुरुषांचे तसेच होते. लहानपणापासून खाडीच्या चिखलात अनवाणी चालायचं, होडीच्या काठावर बोटं रोवून उभं राहायचं, त्यात पंजा पसरत जातो. बाबांनी तरुणपणीच मासेमारी सोडली आणि ठाण्यातल्या एका कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागले, पण पाय तसेच राहिले. तयार बूट त्यांना कधी झाले नाहीत. पुढून उघडी, जाड चामड्याची सँडल ते माप देऊन शिवून घ्यायचे आणि तीच लग्नालाही घालायचे.

नव्वद सालच्या आसपास ते निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं. जन्मभर दुसऱ्याचा ट्रक चालवला, आता स्वतःची गाडी हवी. डोंबिवलीचे एक गृहस्थ आपली छोटी पांढरी गाडी विकत होते. तेव्हा रस्त्यावर तसल्याच गाड्या जास्त दिसायच्या. मी ठाण्यात एका शाळेत शिकवायचे, लग्न व्हायचं होतं. एका रविवारी बाबा मला घेऊन डोंबिवलीला गेले, चावी घेतली आणि आम्ही शीळफाट्याच्या रस्त्याने घरी निघालो.

सुरुवातीपासून काहीतरी बिनसलेलं होतं. बाबा ट्रकमध्ये कसे आरामात बसायचे, ते मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं होतं. इथे ते सारखे चुळबुळत होते. मुंब्रा येईपर्यंत त्यांनी सीट दोनदा मागे सरकवली.

"काय होतंय बाबा?"

"काय नाय. नवीन हाय ना."

कळव्याच्या पुलाच्या अलीकडे गर्दी होती. पुढे एक हातगाडी चालली होती, तिच्यावर कापसाच्या गाद्यांचा ढीग. हातगाडी थांबली, बाबांनी ब्रेक दाबला, आणि इंजिन एकदम गरजलं. गाडी थांबत होती आणि थांबत नव्हती. शेवटी तिने जाऊन गाद्यांमध्ये नाक खुपसलं आणि बंद पडली.

गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. हातगाडीवाला खाली पडलेली गादी झटकत आमच्या खिडकीशी आला. मला वाटलं, आता भांडण. तो म्हणाला, "अंकल, नींद आ रही थी तो बोलने का ना, मैं बिछा के देता."

मला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाची माफी मागितली, गादी उचलायला हात दिला आणि मग घरापर्यंत, कोपरीपर्यंत, ते बैलगाडीच्या वेगाने आले. दारात आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. ओवाळून झालं तरी ते गाडीजवळून हलेनात. एवढी वर्षं ट्रक चालवला, कधी कोणाला धक्का लागला नव्हता.

"मी ब्रेकच दाबला गो," ते मला म्हणाले. "मना माहीत हाय, ब्रेकच दाबला."

मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि दार उघडं ठेवून खाली वाकले. डोकं जवळजवळ स्टिअरिंगच्या खाली घातलं. "आता दाबा."

तेव्हा कळलं. उजवीकडे पुढच्या चाकाचा फुगवटा आत आलेला, त्यामुळे तिन्ही पेडलं डावीकडे दाटीवाटीने सरकलेली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यात माझी दोन बोटं कशीबशी मावत होती. बाबांचा पाय ब्रेकवर बरोबर पडत होता, पण सँडलची उजवी कड ॲक्सिलरेटरवरही बसत होती. डाव्या पायाची तऱ्हा वेगळी. क्लच सोडल्यावर तो ठेवायचा कुठे? क्लचच्या डावीकडे जागाच नव्हती. बाबा तो गुडघ्यात दुमडून मागे घ्यायचे, नाहीतर क्लचवरच टेकवून ठेवायचे.

"तुमचा एक पाय दोन पेडलांवर पडतोय," मी सांगितलं.

आई वाकून बघत होती. "अवो, मग सँडल काढून चालवा की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अनवाणी चालवून पाहिली. थोडं बरं झालं, पण करंगळी अडकायची. आईने कापडी बूट आणायला लावले, ते पायात शिरेनात. टाच डावीकडे वळवून पाय तिरका ठेवायची युक्तीही त्यांनी केली. त्याने पोटरीत गोळा आला. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, ॲक्सिलरेटर वेल्डिंग करून जरा उजवीकडे सरकवून देतो. बाबांनी हात जोडले. "पायाखालच्या वस्तूंना जोडकाम नको. ते सुटलं तर मी कुठं जाऊ?"

मग काही दिवस गाडी गल्लीत झाकून ठेवलेली. बाबा रोज सकाळी कव्हर काढून ती पुसायचे आणि पुन्हा झाकायचे. ते बघवत नव्हतं. आई म्हणाली, विकून टाका. ते फडकं घेऊन पुन्हा गाडीकडे गेले.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर ते ओट्यावर बसलेले. मला म्हणाले, "चप्पल काढ. पाय बघू तुजा."

मी पाय पुढे केला. त्यांनी आपला पाय शेजारी ठेवला. माझे पाय आईवर गेलेत, निमुळते. बाबांच्या एका पंजात माझे जवळजवळ दोन मावले असते. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग एकदम खूश झाले.

"तू शिक. तुज्यासाठीच केलेली दिसतेय ही गाडी."

आमच्या आळीत तोवर एकाही बाईने गाडी चालवली नव्हती. मला तर सायकलही धड यायची नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणवेना, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं.

खाडीच्या बाजूला एक मोकळं मैदान होतं, तिथे रोज सकाळी शाळेच्या आधी आमची शिकवणी चालायची. बाबा डाव्या सीटवर बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिथे पाय पसरले आणि वैतागून म्हणाले, "हितं बघ जागा! संसार मांडता येईल. जल्ली, जो चालवतो त्यालाच जागा नाय."

ते चांगले शिक्षक होते, पण त्यांचे पाय ऐकायचे नाहीत. मी ब्रेक दाबायला जरा उशीर केला की त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर धाडकन आपटायचा. तोंडाने मात्र अगदी शांत: "हळू गो. क्लचवर पाय ठेवून नको बसू, जळेल." मी डावा पाय क्लचच्या खालून मागे घ्यायला शिकले. माझ्या पायाला तेवढी जागा पुरत होती. कोपरीच्या पुलाच्या चढावर त्यांनी मला थांबवून हाफ क्लच शिकवला, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी मागे न जाऊ देता धरून ठेवायची. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि बाबा खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना सांगत होते, "थांब रे, शिकतेय पोरगी."

लायसन्स मिळालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी निरोप आला, की डोंबिवलीजवळच्या कोपरच्या आत्याला आमच्याकडे आणायचंय. आत्या ही बाबांची थोरली बहीण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवं फडकं, रिक्षाचे धक्के तिला चालणार नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जाऊया."

आत्याला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. मी स्टिअरिंगला बसतेय म्हटल्यावर ती घाबरली. "अरे, ही चालवणार? मग तू काय करतोस?"

"मी बसणार," बाबा म्हणाले.

शीळफाट्यापर्यंत बाबा समोरच्या रस्त्यावर डोळे लावून होते, पाय ताठ. मुंब्र्याला एक म्हैस आडवी आली, मी गाडी थांबवली, बाबांच्या पायाखाली पत्रा वाजला. पुढे कळव्याला नेहमीची कोंडी. चढावर थांबायचं, हात दोन हात सरकायचं, पुन्हा थांबायचं. माझ्या डाव्या गुडघ्याला कळ लागली होती आणि हातांना घाम सुटलेला, पण गाडी एकदाही बंद पडली नाही की मागे सरकली नाही. सगळं लक्ष पुढच्या टेम्पोच्या दिव्यावर. शेजारून काहीच आवाज येत नाहीये, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पूल ओलांडल्यावर मागून आत्याचा आवाज आला. फडक्याच्या कडेखालून तिला थोडंफार दिसत असावं.

"झोपला गो तुजा बापूस."

मी पटकन डावीकडे नजर टाकली. बाबांची मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. सँडल काढून ठेवलेल्या आणि दोन्ही पाय पुढे सैल पसरलेले, बोटं सुटी सुटी. जन्मभर गाडीत बसले की त्यांनीच जागं राहायचं, असा शिरस्ता होता.

"उठवू नको त्याला," आत्या म्हणाली. "हळू चालव. मना काय घाई नाय."

मग मी घरचा रस्ता सोडला आणि टेंभी नाक्यावरून लांबचा फेरा घेतला. आत्या विचारत होती, आता कुठं आलो, आणि मी तिला एकेक दुकान सांगत होते. भरदुपारची वेळ, रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. तरी मी तिसऱ्या गियरमध्येच राहिले.