परत आणलेला नवरा

चा माल-सुकताई मूळच्या योसू बंदरातल्या. आवाज जाडा, चाल ऐटदार, आणि जेवताना बोललेलं त्यांना खपत नसे. सोल शहराच्या देहांगनो भागात चपलांच्या दुकानाखाली आमचं तळघरातलं नाट्यगृह होतं. तिथे मी दिवे सांभाळायचो आणि ताई 'दोन वाडगे' हे नाटक करायच्या. एकट्या.

समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची बायको रोज दोन वाडगे भात वाढते, समोरच्या रिकाम्या बैठकीशी बोलते, भांडते, सासूच्या कुरापती सांगते. नवरा काही येत नाही. शेवटी ती आपला वाडगा संपवते, मग त्याचा पुढे ओढते आणि अवाक्षर न काढता तोही संपवते. नाटक तिथेच संपायचं. पुढच्या रांगेला ताईंचं चावणं ऐकू यायचं. कुणी खाकरायचं, कुणी डोळे पुसायचं, कुणाला नको नको व्हायचं.

ग्वोन नावाचा दिग्दर्शक हे बघून खरोखर रडला. लेखकाकडून त्याने सिनेमासाठी हक्क घेतले आणि ताईंपाशी येऊन बसला.

"ताई, नायिकेला तुम्ही शिकवायचं. आणि सिनेमात एक शेजारीण घातलीय, ते काम तुमचंच."

"आणि बायकोचं?"

"पडद्यावर चेहरा तरुण लागतो, ताई. मी काय करू, लोकच तसे."

ताईंनी होकार दिला. नाटक चार लोकांपर्यंत पोचेल, असं त्यांना वाटलं. चित्रीकरणाला मीही सोबत गेलो. किनाऱ्यावर अख्खा कोळीवाडा उभा केला होता. जेवणाचा प्रसंग आला. नायिका घास तोंडात घ्यायची, डोळे भरून आणायची, आणि 'कट' म्हटलं की मदतनीस पिशवी धरायची, नायिका तिच्यात थुंकायची. पिशवी भरत चालली होती.

"गिळत का नाहीस गं?" ताईंनी विचारलं.

"अजून कितीदा घेतील कुणास ठाऊक, ताई. गिळत बसले तर पोट बिघडेल."

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ताईंची पिशवीवरून नजर हलेना. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सिनेमा लागला. त्यात वादळ होतं, बुडणारी नाव होती, स्मृती गेलेला देखणा नवरा होता. तो भटकत घरी येतो, भरलेला वाडगा बघतो, त्याला सगळं आठवतं. व्हायोलिनं वाजतात, दोघं एकमेकांना भरवतात. चित्रपटगृहात सगळीकडे नाकं शिंकरली जात होती. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ऊठ. मला ओकारी येतेय." बाहेर येऊन त्या खरंच गटारापाशी वाकल्या.

खरी घाण पुढेच होती. सिनेमामुळे आमच्या तळघरात गर्दी लोटली. पण नाटक संपलं तरी लोक उठेनात. "नवरा कधी येतो?" एक बाई तर चिडून म्हणाली, "फसवलंत आम्हाला."

नाट्यगृहाचे मालक बोंगसाहेब हात चोळत आले. "शेवटी नुसता दारात उभा करू त्याला. बोलणार नाही तो. बसेल, जेवेल."

"मग इतकी वर्षं मी भांडत कुणाशी होते, साहेब?"

"ताई, सिनेमाआधीच्या रिकाम्या खुर्च्या तुम्हीही बघितल्यात."

तेही खरं होतं. ताईंनी मान तुकवली. ग्यू-चोल नावाचा, जाहिरातीत काम करणारा रुंद खांद्यांचा नट आला. ओला सदरा घालून तो दारात दिसला की टाळ्या पडायच्या, आणि मी दिवे सोनेरी करायचो. प्रयोगानंतर ताई मोरीत जाऊन चुळा भरत बसायच्या, कितीतरी वेळ.

एका शनिवारी ग्यू-चोल आला, टाळ्या पडल्या. तो बसला, वाडग्याकडे हात नेला. ताईंनी वाडगा आपल्याकडे ओढला आणि खायला लागल्या.

"ताई, तो माझा," तो पुटपुटला.

ताईंनी वर पाहिलं नाही. दिवे मालवायचा खटका माझ्या हाताशी होता, पण मी तो दाबला नाही. कुणीतरी हसलं. दोघं-तिघं उठून गेले. ताई शेवटच्या शितापर्यंत जेवल्या आणि मग त्याला म्हणाल्या, "तुझं जेवण मी जेवले. आता जा." ग्यू-चोल बिचारा खरंच उठून गेला.

आत बोंगसाहेब लाल झाले होते. "लोकांच्या तोंडचा घास काढलात तुम्ही."

"घास कुठला? थुंकलेलं होतं ते," ताई म्हणाल्या आणि कपडे बदलायला गेल्या.

सोमवारपासून त्यांच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. नवऱ्याला आता संवादही मिळाले. मीही फार टिकलो नाही.

ताई योसूला परतल्या, भावाच्या खानावळीत मासळीचं कालवण रांधू लागल्या. दर छुसोकला, सुगीच्या सणाला, टीव्हीवर तो सिनेमा लागतो. गेल्या वर्षी सणाला मी त्या खानावळीत जेवत होतो, टीव्हीवर सिनेमा चालू होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस ताईंकडे टक लावून बघत होता.

"नवरा परत येतो, त्या सिनेमातली शेजारीण तुम्हीच ना?"

"नाही," ताई म्हणाल्या, आणि त्याचं टेबल इतक्या जोरात पुसू लागल्या की त्याला कोपर उचलावं लागलं.