रक्तासमोर रक्तच

लॅबमध्ये रिपोर्ट साठत नाहीत, ज्याचा तो घेऊन जातो. साठतात ते किस्से, आणि ते न्यायला कोणी येत नाही! महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा मी खामगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. मूळची उंद्रीची, भाजीच्या मळ्यातली. नागपूरला कोर्स करून आले तर गावात बोभाटा झाला की पोरगी डॉक्टरीण झाली.

लॅबमध्ये आम्ही तिघं. डॉक्टरसाहेब पुण्याचे, बोलणं मोजूनमापून. महादेवभाऊ कंपाउंडर, त्यांचा हात इतका हलका की पेशंट "झालं का?" विचारायचा तेव्हा भाऊ सुई धूत असायचे. तिसरी मी. आणि चौथं आमचं सेंट्रिफ्यूज. रक्ताची नळी त्यात घालून जोरात फिरवली की लाल गाळ खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. तपासायचं ते पाणी. माझे बहुतेक किस्से या चौथ्याचेच आहेत.

* * *

पहिलं मशीन हातानं फिरवायचं होतं. टेबलाच्या कडेला आवळलेलं, बाजूला हँडल.

एकदा भाऊंचा खांदा धरला होता. समोर जळगाव जामोदचा एक पहेलवान स्वतःचं रक्त देऊन बसला होता. भाऊ म्हणाले, "पहेलवान, जरा हात लावता का? तुमचंच हाय."

पहेलवानानं मांडीवर थाप मारली आणि हँडल धरलं. आतून आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग काच फुटल्याचा, मग काहीतरी भिंतीवर आदळल्याचा. डॉक्टरसाहेब धावत आले. "अहो, हळू सुरू करायचं, एका वेगानं फिरवायचं आणि हळूच थांबवायचं! ही काय कुस्ती आहे?"

तुटलेलं हँडल हातात धरून पहेलवान शांतपणे म्हणाला, "साहेब, हे त हारलं. दुसरं आना!"

* * *

दुसरं आणायचं ठरलं, विजेवरचं. देणारे होते दवाखान्याचे मुख्य ट्रस्टी. कापसाच्या जिनिंगचे मालक, सगळं गाव त्यांना शेठजी म्हणायचं. उंच, गोरे, खिशात कायम पेढ्यांची पुडी. बोलता बोलता एक तोंडात टाकायचे, दुसरा समोरच्याला द्यायचे.

मुंबईचा विक्रेता दोन मशीनं घेऊन आला. एक सुरू केलं तर खिडकीची तावदानं थरथरली. दुसरं नुसतं गुणगुणलं. डॉक्टरसाहेब वेग किती, नळ्या किती, झाकण कसं बंद होतं, हे विचारत होते. शेठजींनी मात्र पहिल्यावर हात ठेवला.

"हे घ्या. त्या दुसऱ्याचा आवाजच नाई. काम काय करत असन ते?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "शेठजी, तुमच्या जिनमधलं एखादं मशीन असं खडखडायला लागलं तर तुम्ही काय करता?"

"मिस्त्रीले बोलावतो."

हे बोलून शेठजींनी दुसऱ्या मशीनकडे पाहिलं. एक पेढा तोंडात टाकला. "घ्या मंग मुकं! पन एक सांगून ठेवतो. यानं एक जरी रिपोर्ट खोटा देला, त लॅबले कुलूप. लोकं जातीन अकोल्याले."

हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दवाखान्यात शेठजींचा शब्द शेवटचा असे. मला त्या दिवसापासून कुलपाचं भय बसलं.

* * *

मुकं मशीन पहिल्याच आठवड्यात चाललं. म्हणजे खरोखर चाललं, टेबलावरून! मी पलीकडच्या खोलीत होते. भाऊंची हाक आली, "बाई, धावा, हे पळून राह्यलं!" जाऊन बघते तर भाऊंनी मशीनला कडेवरच्या पोरासारखं कवटाळलेलं आणि दोघंही थरथरताहेत.

भाऊंनी एकच नळी घातली होती, समोरची जागा रिकामी. डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघांना उभं करून समजावलं. "समोरासमोर सारखं वजन हवं. आणि समोर पाणी घालून भागवू नका, पाणी हलकं पडतं. रक्तासमोर रक्तच हवं."

कालचं उरलेलं रक्त ठेवा, असं त्यांना म्हणायचं होतं. पण तेवढं त्यांनी म्हटलं नाही. मोजूनमापून बोलण्याचा हा तोटा.

* * *

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊंनी मशीनची पूजा केली. बाहेरून हार घातला ते ठीक. पण नळ्या बसतात त्या कपांतही हळदकुंकू वाहिलं, झाकण लावलं आणि मुहूर्ताला दोन मिनिटं फिरवून घेतलं!

सुट्टीनंतर डॉक्टरसाहेबांनी झाकण उघडलं आणि ओरडले, "कोणाची नळी फुटली? आत सगळीकडे रक्त आहे!"

भाऊ हात जोडून म्हणाले, "कोनाचीच नाई साहेब, परसाद हाय!"

* * *

आता भाऊंनी त्या "रक्तासमोर रक्तच"चं काय केलं ते सांगते. एकटा पेशंट आला की ते सोबत आलेल्या माणसाचंही रक्त काढायला लागले. समोर ठेवायला! त्या नळीवर चिठ्ठी लावायचे, "बॅलन्स". फिरवून झालं की ती मोरीत ओतायची. मी विरोध केला तर म्हणाले, "साहेबाचा हुकूम हाय बाई." साहेब आतल्या खोलीत. त्यांना वाटायचं, उरलेलंच ठेवत असतील.

लोकांनी कुरकुर केली नाही. एक सासू सुनेला घेऊन आली होती. भाऊंनी सासूचाही दंड बांधला.

"बिमार सून हाय. माह्यं काऊन काढता?"

"बॅलन्सले, माय."

म्हातारीनं बाही वर सारली. "काढा मंग. पन तिच्यापेक्षा कमी नोका काढू. लोकं म्हनतीन सासू कंजूस हाय!"

पुढे पुढे एस. टी. स्टँडवरच लोक एकमेकांना विचारायचे, "रक्त तपासाले चालला, अन् एकटाच? बॅलन्सले कोन हाय?"

* * *

एक दिवस शेठजींचे मुनीमजी आले. अशक्तपणा वाटत होता, साखर तपासायची होती. सोबत स्वतः शेठजी, मशीन कसं चालतं ते बघायला. भाऊंनी मुनीमजींचं रक्त काढलं आणि त्याच हातानं शेठजींचंही. शेठजी बोलण्याच्या नादात होते, "आता हे कायले?" म्हणेपर्यंत भाऊ सुई धूत होते.

मोठे लोक बसलेत म्हणून त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी तपासणी स्वतःच्या हातानं केली. समोर दोन नळ्या दिसल्या, दोन्ही तपासल्या. बाहेर येऊन म्हणाले, "मुनीमजींचं अगदी नॉर्मल आहे. पण हे 'बॅलन्स' आडनावाचे गृहस्थ कोण? यांची साखर फार वाढली आहे. खाऊन आले असले तरी इतकी नको. ताबडतोब औषध सुरू करायला हवं."

भाऊ छताकडे बघत होते, मुनीमजी चपलांकडे. शेठजींच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"मशीन खराब हाय," शेठजी म्हणाले. "मले काई झालं नाई. मी उद्या अकोल्याले रक्त देतो. तिथं बरोबर निंगालं, त परवा इथं कुलूप."

ते गेल्यावर भाऊंनी सगळं कबूल केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. उंद्रीच्या बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसलेली मी मला स्पष्ट दिसत होते.

परवा उजाडला. कुलूप आलं नाही. तेरवा आला, आठवडा गेला, महिना गेला. अकोल्याचं काय झालं ते विचारायची कोणाची छाती नव्हती. जिनमधला एक माणूस तेवढा सांगून गेला की शेठजींच्या खिशात हल्ली फुटाणे असतात.

मग एका सकाळी दारात मोटार थांबली. पुढे मुनीमजी, मागे शेठजी.

"मुनीमजीची साखर पाहून घ्या," शेठजी म्हणाले.

भाऊ गोंधळले. "पन शेठजी, त्याहीचं त तवाच नॉर्मल..."

मुनीमजींनी निमूटपणे दंड पुढे केला. शेठजी शेजारच्या स्टुलावर बसले, सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि भिंतीकडे बघत म्हणाले,

"तुमी त्याहीचं पाहा. मी त बॅलन्सले आलो."