सुवार्ताची सोयरीक

शरणपूरच्या मंडळीत सुवार्ता सगळ्यांशी बोलायची, फक्त मंगलाबाईंशी नाही. उपासना संपल्यावर त्या सलाम करायला पुढे आल्या की हिला नेमकं पर्समध्ये काहीतरी शोधायचं असे. असं अकरा वर्षं चाललं.

ब्याण्णव साली तिचं शमुवेलशी ठरलं होतं. गायनमंडळात दोघं शेजारी उभी राहत. तो बी.ए. झालेला, मूळचा सटाण्याचा. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना पाळकसाहेबांच्या हाती निनावी चिठ्ठी पडली. मुलगी पंचवटीतल्या एका लग्न झालेल्या माणसाबरोबर फिरते, ही 'सोळरीक' मोडा. अक्षर डाव्या हातानं काढल्यासारखं वाकडं. शमुवेल म्हणे फार रडला. पण सोयरीक मोडली, आणि सहा महिन्यांत धुळ्याच्या एका नर्सशी लग्न करून तो मोकळाही झाला.

सोयरीकची 'सोळरीक' करणारं माणूस अडाणीच असणार, असं सुवार्ताच्या आईनं ठरवलं. मंगलाबाई चौथी शिकलेल्या, आणि त्यांच्या मुलीसाठी, आशासाठी, त्यांनाही शमुवेल पसंत होता. झालं. आईनं चारचौघांत नाव घेतलं. सुवार्तानं मान डोलावली.

पुढे आई गेली. सुवार्ता इंदिरानगरच्या शाळेत मराठी शिकवत राहिली. लग्न राहूनच गेलं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात, सिंहस्थाच्या गर्दीनं रिक्षा बंद असताना, शमुवेल पायी दारात आला. बायको वारलेली, पुढचे केस गेलेले.

"अजून तशीच रागीट दिसतेस."

"आणि तू अजून न कळवता येतोस."

तिसऱ्या भेटीत त्यानं लग्नाचं विचारलं. होकार तिच्या ओठांवर आला होता. आदल्या दिवशी तिनं केसांना मेंदीसुद्धा लावली होती. तरी ती म्हणाली, "आधी ती चिठ्ठी कुणी लिहिली ते कळू दे."

"जाऊ दे ना. प्रभूनं क्षमा करायला सांगितलंय."

"करते की. पण कुणाला?"

आठवड्यानं धुळ्याहून त्याचं पत्र आलं. मधल्या सुटीत, वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवूनच तिनं ते वाचलं. 'आपली मोडलेली सोळरीक प्रभूकृपेने पुन्हा जुळावी.' सवयीनं लाल पेन खाली गेलं, शब्दाभोवती गोल झाला आणि हात तिथेच थांबला.

सटाण्याकडची पोरं डोळ्याला 'डोया' म्हणतात. मास्तरांचा मार खाल्ला की धास्तीनं 'य' असेल तिथेही 'ळ' लिहू लागतात. अशा कितीतरी वह्या तिनं तपासल्या होत्या. शमुवेलचं अक्षर मात्र ती आज पहिल्यांदा बघत होती. रोज भेटणाऱ्यांना पत्रं कशाला लागतात?

शनिवारी तो उत्तर घ्यायला आला. आईनं पाळकसाहेबांकडून मागून घेऊन जपून ठेवलेली चिठ्ठी आणि त्याचं पत्र तिनं त्याच्यापुढे ठेवलं. त्याची नजर लाल गोलावर गेली.

"धुळ्याचं जमत होतं गं. तुला तोंडावर नाही म्हणायची हिंमत झाली नाही."

"म्हणून माझी बदनामी?"

"वाटलं, दोन महिन्यांत लोक विसरतील."

"चहा संपव आणि नीघ."

तो गेल्यावर ती तशीच मंगलाबाईंकडे गेली. आशा मशीनवर ब्लाउज शिवत होती, मंगलाबाई गवार निवडत होत्या. सुवार्तानं उभ्यानंच सगळं सांगितलं. "मी चुकले, बाई. माझी आईही चुकली."

मंगलाबाईंचे हात थांबले नाहीत. "माझ्या आशाची तीन स्थळं परत गेली. चिठ्ठीवालीची पोर म्हणून. तेपण शमुवेलनंच केलं काय?"

सुवार्ताचा हात पर्सकडे गेला.

"तुझी आई चारचौघांत बोलली होती. तू मात्र घरात येऊन हळूच सांगतेस."

"उद्या मंडळीपुढे उभी राहून सांगते."

"आशा चौतिसाची झाली," मंगलाबाई म्हणाल्या. "उद्या सांग, नाहीतर पुढच्या वर्षी सांग."